चाळीस घरांत एकच कुडू

गावदेवीची शपथ! खाडीच्या भरतीची शपथ! माझ्या बुडाला पडलेल्या पहिल्या पोच्याची शपथ! मी आता जे सांगणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने यावं आणि माझ्या कडेवर एक टिचकी मारून बघावी. खोटं बोलणारी परात थप् वाजते. खरं बोलणारी ठण् वाजते. मारा टिचकी. ऐकलंत? ठण्ण! झालं तर मग, आता मध्ये बोलायचं नाही.

मी एक जुनी परात आहे, मित्रांनो. अस्सल पितळेची. केवढी म्हणाल तर चार बायका चारी बाजूंनी पीठ मळायला बसल्या तरी एकीचं कोपर दुसरीला लागत नाही. विरार पश्चिमेला बोळिंजच्या उंच इमारती जिथे दमून थांबतात आणि भाताची खाचरं सुरू होतात, तिथे आमचा पाडा. पाड्यात चाळीस घरं. म्हात्रे आहेत, भोईर आहेत, घरत आहेत, पाटील तर सहा घरं. आणि कुडू? एकच. सगळ्या पाड्यात एकच कुडू. मी त्या कुडूंची.

मला आणलं नथू कुडूने, कमळीशी लग्न झालं त्या वर्षी. दोघं चालत बाजारात गेले. भांड्यांच्या दुकानात शंभर पराती होत्या, पण कमळीने मलाच बोटाने वाजवलं आणि म्हणाली, "हीच. हिचा आवाज माज्या आत्येसारखा हाय." मग नाव टाकायचं ठरलं. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला. ठिपक्या-ठिपक्यांनी नाव टाकायचा.

"नाव बोला."

"नथू कुडू."

"कडू?"

"कुडू."

"कुंडू?"

"कुडू हो, कुडू!"

"बरं बरं, ओरडू नका, बहिरा नाही मी," म्हणाला आणि टकटक टकटक करून त्याने ठोकलं, 'कडू'. नथू खूश होऊन निघाला होता. पण कमळी चौथी शिकलेली. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि पायरीवर अशी ठाण मांडून बसली की दुकानात गिऱ्हाईक शिरेना. शेवटी म्हाताऱ्याने 'क'च्या खाली जागा करून एक उकार ठोकला. तो उंदराच्या शेपटासारखा लोंबतो अजून. असा माझा नामकरण सोहळा. नथूने मला डोक्यावर उपडी घातली आणि घरी निघाला. ऊन असं की माझ्या पाठीवर वाटेत एका कावळ्याने अंडं घातलं ते घरी पोचेपर्यंत उकडून तयार! नथूने मीठ लावून खाल्लं. मी बघितलंय.

काय दिवस होते ते! माझ्यात काय नाही झालं? पीठ मळलं, बोंबील धुतले, भात पाखडून ठेवला, कमळीच्या पोराला, हरेशला, माझ्यातच बसवून न्हाऊ घातलं. एका पावसाळ्यात पाणी घरात शिरलं, तेव्हा आठ महिन्यांचा हरेश माझ्यात निजलेला. मी तरंगले. उंबरठा ओलांडला, अंगण ओलांडलं, बांध ओलांडला आणि निघाले खाडीकडे! पोरगं अंगठा चोखत झोपलेलं. समोरून कोळ्यांची एक होडी आली, तिला मी म्हटलं, बाई, डावीकडून जा, माझ्यात लेकरू आहे. शेवटी चिंचेच्या फांदीत मी माझी कडी अडकवली आणि नथू येईपर्यंत तशीच लटकून राहिले.

आणि बिबट्या! तुंगारेश्वराच्या जंगलातून उतरला होता, कोंबड्यांच्या खुराड्याशी. कमळीने मला उचललं आणि लाटण्याने अशी बडवली, अशी बडवली, की तो पळाला आणि चिंचोटीच्या धबधब्यापर्यंत त्याने मागे वळून बघितलं नाही. तिथल्या लोकांनी सांगितलं, त्याने पुढच्या दोन्ही पंजांनी कान झाकले होते. मग पळाला कशाने? मागच्या दोन पायांनी. तुम्हाला काय वाटलं?

पण माझा खरा मान हळदीला. आमच्या पाड्याची एक रीत आहे, ती नीट ऐका, कारण पुढे सगळं तिच्यावरच आहे. लग्नघरी हळदीच्या सकाळी वड्यांचं पीठ भिजवतात. ते पीठ एका घरचं नसतं. प्रत्येक घरून एक मूठ तांदळाचं पीठ येतं. लग्नात गाणी म्हणणारी म्हातारी असते ना, धवलारीण, ती एकेका घराला आडनावाने हाक मारते. "म्हात्र्यांची मूठ!" की म्हात्रीण उठते, मूठ माझ्यात सोडते. "घरतांची मूठ!" की घरतीण. सगळ्यात आधी लग्नघरची मूठ, आणि मुलीचं लग्न असेल तर ती मूठ नवरीच्या हातची. माहेरच्या नावाने तिला मारलेली ती शेवटची हाक. मग बाकीची घरं, जुन्यापासून नव्यापर्यंत. जे घर पाड्यात नवीन आलं त्याची मूठ सगळ्यात शेवटी. चाळीस मुठी पडल्या की मगच पाणी घालायचं. आणि हे सगळं माझ्यातच व्हायचं, कारण चाळीस मुठी मावतील एवढी परात दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच.

आता आमच्या आडनावाची कर्मकहाणी. बापरे बाप! ह्या नावाने कुडूंना जेवढं हसवलं तेवढंच रडवलं.

रेशनकार्डावर 'कुटू'. लाईटच्या बिलावर 'कुडे'. हरेशच्या टेम्पोवर रंगाऱ्याने मोठ्या झोकात लिहिलं, 'कुंडू ट्रान्सपोर्ट', आणि वर एक अनुस्वार असा गोल काढला की लांबून चंद्र वाटायचा. बँकेत एक साहेब 'कुंडू म्हणजे बंगालीच' असं समजून हरेशशी थेट बंगालीतच बोलायला लागले. हरेश घाबरून "हो, हो" म्हणत राहिला आणि घरी आला तर हातात दुसऱ्याच कुणाच्या खात्याचं पासबुक.

फोनवर तर विचारू नका. पार्सल मागवायचं होतं. हरेश अंगणात उभा राहून ओरडत होता, "मॅडम, कुडू! के फॉर कमळी. यू फॉर उंबर. डी फॉर डबा. यू फॉर परत उंबर!"

चार दिवसांनी पार्सल आलं. वर नाव, 'श्री. हरेश कमळी उंबरडबा'.

कमळी हसून हसून पडवीत लोळली. "घे रे उंबरडब्या, तुजं पार्सल!" महिनाभर तिने त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

हरेशची मुलगी रोशनी शाळेत गेली तर पोरं "कारलं, कारलं" म्हणून चिडवायची. मोठी झाली, विरारला रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली, तिथे सगळे तिला 'गुड्डू' म्हणायला लागले. एकदा तिने मोबाईलवर आपलं आडनाव इंग्रजीत टाकलं तर समोर एक हरिण उभं. केवढं! आफ्रिकेतलं, पिळाच्या शिंगांचं. कुडूच नाव त्याचं. रोशनीने कपाळावर हात मारला. पण कमळीला एवढा आनंद झाला की ती मोबाईल घेऊन घरोघर फिरली. "बघा, आमची भावकी आफ्रिकेत पन हाय! शिंगं बघा शिंगं! हाय का तुमच्या घरतांत कोन असा?"

मधली काही वर्षं माझी वाईट गेली, मित्रांनो. नथू गेला. हळदी हॉलवर व्हायला लागल्या, वडे ऑर्डरचे येऊ लागले. मला माळ्यावर टाकलं. माझ्यात जुना मिक्सर, दोन कंदील आणि एका पायाची खुर्ची. अकरा वर्षं मला कुणी टिचकी मारली नाही. एक पाल मात्र माझ्यात रोज चेहरा बघायची. तिच्याशीच बोलायचे मी.

मग रोशनीचं लग्न ठरलं. मुलगा बोळिंजचा, संकेत पवार. त्याचे आईवडील देशावरचे, नोकरीसाठी इकडे येऊन राहिलेले. वडील प्रल्हादराव, मोठे शिस्तीचे. बैठक उठली तशी कमळी दारात उभी राहून म्हणाली, "माज्या नातीच्या हळदीला मुठी पडतील. वडे घरात तळतील. काढा माजी परात खाली!"

निघाले मी! चिंचेने घासली, राखेने घासली, परत चिंचेने घासली. इतकी चमकले की वरून जाणाऱ्या विमानाने एक गिरकी जास्त घेतली.

पण त्याच लग्नाने घात केला. साखरपुड्याला हॉलवर मीही होते, ओटीचे नारळ माझ्यातच होते, तेव्हा सगळं ह्या डोळ्यांनी बघितलंय. हॉलच्या कमानीवर थर्माकोलची अक्षरं, 'पवार–कडू परिवार'. हरेश आला, वर बघितलं आणि जागच्या जागी थिजला. मग बिचाऱ्याने नवा सदरा सांभाळत खुर्चीवर चढून थर्माकोलचा एक उकार कापला आणि भाताच्या शितांनी चिकटवला. फोटोसाठी सगळे कमानीखाली उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "स्माईल!" आणि तो उकार सुटला, गरगरत खाली आला आणि थेट प्रल्हादरावांच्या फालुद्यात पडला.

हसले सगळे. प्रल्हादरावही हसले. त्यांनी चमच्याने तो उकार बाहेर काढला आणि म्हणाले, "घ्या कुंडूसाहेब, तुमचं काहीतरी पडलं."

हरेश हसला नाही.

घरी आला आणि सदऱ्याची बटणं सोडता सोडता म्हणाला, "बस झालं. मी आडनाव बदलतोय."

बायको मीरा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती ती तशीच राहिली.

"पाटील करतोय. सरळ पाटील. पाटील म्हटलं की समोरच्याचं पेन थांबत नाही. कुणी विचारत नाही, 'काय, परत सांगा.' पन्नास वर्षं सांगतोय मी, परत सांगा, परत सांगा. माझ्या पोरीच्या लग्नात मला परत सांगायचं नाही."

"आनि मी?" कमळीने विचारलं. "मी कोन?"

"तू आये. तुला कोण आडनावाने हाक मारतंय?"

कमळी काही बोलली नाही. कमळी बोलली नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तिच्या नथूचं दुसरं काय उरलं होतं? फोटो एकच, तोही पुरात भिजलेला. जमीन विकली, तिच्यावर आता इमारत. उरलं होतं ते एक नाव. तेच आता जाणार.

रोशनी म्हणाली, "बाबा, मी काय, दोन महिन्यांनी पवार होणार. तुम्हाला बरं वाटेल ते करा." तिला खरंच तसं वाटत होतं. रागावू नका तिच्यावर. जे नाव रोज टोचतं ते काढून ठेवावंसं कुणालाही वाटतं.

हरेशने चार पानी अर्ज आणला. भरला. लग्न झालं की सोमवारी द्यायचा, म्हणून घडी घालून खिशात ठेवला. आणि मग, मित्रांनो, माझी पाळी आली! मला टेम्पोत टाकून त्याने विरारच्या भांडीवाल्याकडे नेलं.

"शेठ, हे नाव घासून टाका. इथे पाटील घाला."

शेठने चष्मा वर केला, माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. माझं पितळ थरथरलं! त्या क्षणी मी एवढी गार पडले की दुकानातल्या सगळ्या स्टीलच्या डब्यांवर दव साचलं.

"घासतो. पण हळदीला ही लागेल ना? मग लग्न झाल्यावर आणा. घाईत घासलं तर पत्रा पातळ होतो."

म्हणजे मला सोमवारपर्यंत मुदत. फाशीच्या कैद्याला देतात तशी. हरेशने घरी येताना धवलारणीच्या दारात टेम्पो थांबवला आणि सांगितलं, "मावशी, हळदीला आमच्या घराची हाक पाटील म्हणून मार. पाड्याला एकदमच कळू दे."

धवलारीण ऐंशीची. तिने पान चघळत विचारलं, "कमळीला इचारलंस?"

"ती काही बोलली नाही."

"कमळी? बोलली नाय?" म्हातारीने पानाची पिंक टाकली. "बरं बाबा. हाक काय, सांगशील ती मारीन."

हळदीची सकाळ उजाडली. दहाचा सुमार. अंगणात मांडव, मांडवात चटई, चटईवर मी. एका बाजूला चुलीवर तेलाची कढई, तिच्यापाशी मीरा. चाळीस घरच्या बायका गोल बसलेल्या, प्रत्येकीच्या पदराखाली पिठाची मूठ. पाटावर कमळी, तोंड असं भोळं की देवळातल्या मूर्तीने लाजावं. आणि माझ्या समोर रोशनी उभी, पिवळ्या साडीत, उजवा हात पुढे, मुठीत पीठ. घट्ट धरलेलं. हरेश मांडवाच्या खांबाला टेकून.

धवलारणीने गाणं संपवलं, घसा खाकरला आणि हाक मारली, "लग्नघरची मूठ आधी! पाटलांची मूठ!"

आणि मित्रांनो, काय सांगू! सहाच्या सहा पाटलिणी ताडकन उठल्या! एकदम! कुणी कुणाला काही सांगितलं नाही, डोळ्याने खुणावलं नाही. गावदेवीने सहा दोऱ्या एकदम ओढाव्यात तशा सहाही उठल्या आणि आल्या माझ्यावर चालून!

"सरा, माजी मूठ आधी. आमी विहिरीजवळचे पाटील."

"विहीर खनली कोनी? माज्या आजेसासऱ्याने!"

"खनली, पन पानी आमच्या वेळेला लागलं!"

"अगो, बसा खाली," धवलारीण ओरडली. "लग्नघरच्या पाटलांना बोलावते मी."

"लग्नघर तर कुडूंचं," विहिरीजवळची कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हितं पाटील कोन हाय?"

सगळा मांडव हरेशकडे वळला. तो खांबापासून पुढे आला. "मावशी, आम्हीच. आम्ही आता पाटील."

"कंच्या पाटलांतला? वरच्या का खालच्या?" विहिरीजवळचीने विचारलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वरचे पाटील आणि खालचे पाटील एका फणसावरून बावीस वर्षं बोलत नाहीत. फणस कधीच पडला, भांडण उभं आहे. वरचा म्हणावं तर तिघी उठून जाणार. खालचा म्हणावं तर दुसऱ्या तिघी. हरेशने एकदा वर बघितलं, एकदा खाली.

"वरचा नाही, खालचा नाही. नवा पाटील."

"नवा?" धवलारणीने मान हलवली. ती म्हातारी रीतीला पक्की, मनात वाकडं काही नाही. "नवा म्हंजे नवं घर. आनि नव्या घराची मूठ शेवटी. मी काय करू बाबा, रीत हाय. रोशनी, बाय, तू बस. सगळ्यांच्या पडल्या की तुला बोलावते." आणि लगेच तिने पुढची हाक मारली, "म्हात्र्यांची मूठ!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

कळलं का तुम्हाला काय झालं? खाचरांना बांध नव्हते तेव्हापासूनचं पाड्यातलं घर, ते एका हाकेत सगळ्यात नवं झालं. स्वतःच्या मांडवात, स्वतःच्या परातीसमोर नवरी शेवटी!

म्हात्र्यांची सून उठली खरी, पण पाऊल टाकेना. "तिच्या आदी मी कशी टाकू?" ती पुटपुटली. पाटलिणीही एकेक पाऊल मागे सरल्या. आणि कमळी? तिच्या तोंडावरचा भोळेपणा गेला होता. ती पाटावरून अर्धी उठली होती.

रोशनी बसली नाही. तशीच उभी होती, हात पुढे करून. तांदळाचं पीठ बारीक असतं, मित्रांनो. कितीही घट्ट धरलं तरी बोटांच्या फटींतून गळतं. ते गळत होतं. पिवळ्या साडीवर पांढरी रेघ पडत होती. ती त्या रेघेकडे बघत होती. शाळेत जे नाव ऐकून ती रडली होती, लॅबमध्ये जे सांगायचा कंटाळा करत होती, त्याच नावाने कुणीतरी एकदा हाक मारावी म्हणून ती उभी होती.

"बाबा," ती म्हणाली. "पीठ गळतंय."

हरेशने खिशातल्या अर्जावर हात ठेवला.

"माझी मूठ रिकामी होतेय, बाबा. हाक मारा ना."

"काय म्हणून मारू?" त्याने विचारलं.

"आपण जे आहोत ते म्हणून."

हरेशने आईकडे बघितलं. मग मुलीच्या हाताकडे. मग छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "कुडूंची मूठ!"

असा ओरडला, असा ओरडला, की बोळिंजच्या इमारतींत लोक गॅलरीत आले! खाडीवरचे बगळे उडाले! चार मैलांवरच्या पोराने आईला विचारलं, "आई, कोण कुडू?" आणि त्या दिवशी कुणालाही, एकालाही, चुकीचं ऐकू आलं नाही.

रोशनी वाकली आणि तिने माझ्यात मूठ सोडली. उरलं होतं चिमूटभर. पण पडलं ते पहिलं. मी ठण् वाजले नाही. पिठाचा आवाज होत नाही. पण मला तो आला.

मग काय! "म्हात्र्यांची मूठ! भोईरांची मूठ! घरतांची मूठ!" धडाधड मुठी पडायला लागल्या. पाटलिणी सहाच्या सहा रांगेत आल्या, वरची आधी का खालची ते कुणी विचारलंच नाही. पाणी पडलं, हळद पडली, मेथी पडली, चार बायका बसल्या, कोपराला कोपर न लागता! पहिला घाणा तेलात उतरला तसा मीराने आवाज दिला, "अहो, तेल निथळायला कागद द्या, कागद!" हरेशने खिशात हात घातला आणि चार पानी अर्ज काढून दिला. 'नवीन नाव' असं लिहिलेल्या जागी एक वडा बरोबर गोल बसला.

लग्नात संकेतचे पाय माझ्यातच धुतले. जेवताना प्रल्हादराव म्हणाले, "वा कुंडूसाहेब, वडे फक्कड झालेत." हरेश वाढता वाढता थांबला आणि हसून म्हणाला, "कुडू. म्हणून बघा."

"कुड्डू?"

"नाही. परत."

अकरा वेळा म्हणायला लावलं! बाराव्या वेळी बरोबर आलं तेव्हा ताटात जिलेबी पडली. आता प्रल्हादराव दारातूनच हाक मारतात, "कुडूसाहेब आहेत का?" आणि मीराकडे बघतात, बरोबर आलं ना म्हणून. रोशनी लॅबच्या रिपोर्टवर सही काय करते ते तिचं ती ठरवेल, तो तिचा हक्क.

मित्रांनो, मी आता पडवीत असते. खिळ्याला टांगलेली, येता-जाता दिसेन अशी. माझी एकच विनंती आहे. पितळेचं भांडं माळ्यावर टाकू नका, आठ दिवसांनी चिंच लावा, त्याला बरं वाटतं. आणि कुणाचं आडनाव नीट ऐकू आलं नाही तर अंदाजाने लिहू नका. परत विचारा. दोनदा विचारा, चारदा विचारा, त्यात कसली लाज? आणि ज्याला विचारलं त्याने न चिडता परत सांगावं. नाव नुसतं ठेवून टिकत नाही हो. ते दुसऱ्याच्या तोंडात गेलं पाहिजे, आणि नीट गेलं पाहिजे.

झालं. संपलं माझं. जा आता.

अजून इथेच? बरं, बरं. शपथ घेतलीय तर सांगून टाकते. सगळं खरं आहे, पण एक गोष्ट मी जरा पदरची घातली. त्या सहा पाटलिणी आपोआप उठल्या असं म्हटलं ना? गावदेवीने दोऱ्या ओढल्या वगैरे? तसं नव्हतं. हाक पाटलांची येणार हे धवलारणीकडून कळलं, तशी आदल्या दुपारी कमळी सहाही घरी जाऊन आली होती. वरच्यांकडेही आणि खालच्यांकडेही. "उद्या पाटलांची हाक आली की सगळ्या एकदम उठा, आनि खबरदार कोन हसेल तर," एवढं सांगून आली. मला घासताना तिनेच सांगितलं, आणि सांगताना पोरीसारखी खुदखुदत होती. नव्या घराची मूठ शेवटी पडते, हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. धवलारीण ते बोलली तेव्हा कमळी पाटावरून अर्धी उठली, ती खरंच घाबरून उठली.

हरेशला ह्यातलं काही माहीत नाही. त्याला अजून वाटतं, त्या दिवशी त्याला गावदेवीनेच अडवलं. दर मंगळवारी देवीला नारळ फोडतो बिचारा. अर्धा नारळ प्रसाद म्हणून आईला आणून देतो, आणि कमळी तो डोळे मिटून, अगदी मनोभावे खाते.